बिनतारी लहरींची वाटणी आणि सहवापर

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



शंभर वर्षे पूर्ण करणाऱ्या ग्रंथालयाने आपल्या व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास आणि संतवाङ्मय यांच्या जोडीला रेडिओ लहरींसारखा विषय ठेवावा, याचे काही मंडळींना नवल वाटले असेल. मला मात्र हा विषय ग्रंथालयाच्या स्वभावाला धरूनच आहे असे वाटते. वस्तू एक, वापरणारे अनेक आणि मालकी कुणाचीच नाही, हा पेच ग्रंथालयाइतका दुसऱ्या कोणाच्या परिचयाचा असणार? टेबलावर मासिकाचा एकच अंक असतो आणि तो दिवसभरात वीस जण वाचतात. उलट, एखाद्या सभासदाने पुस्तक घरी नेले, ते वाचलेही नाही आणि परतही केले नाही, तर पुस्तक झिजत नाही हे खरे, पण ते कुणाच्या उपयोगीही पडत नाही. आज मला जे सांगायचे आहे ते बरेचसे या न परतलेल्या पुस्तकाविषयी आहे.

‘स्पेक्ट्रम’ हा शब्द आपल्याकडे २०१० नंतरच्या वर्तमानपत्रांनी घरोघरी पोहोचवला आणि दुर्दैवाने तो घोटाळ्याच्या जोडीनेच पोहोचला. वस्तुतः अर्थ साधा आहे. रेडिओ लहर एका सेकंदात जितकी कंपने करते तिला तिची कंप्रता म्हणतात. निरनिराळ्या कंप्रतांचा जो लांबच लांब पट्टा बिनतारी कामासाठी वापरता येतो, तो रेडिओ स्पेक्ट्रम. इंदूरचे आकाशवाणी केंद्र १९५५ साली सुरू झाले. मध्यम लहरींवर त्याचे स्थान ६४८ किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६ लक्ष ४८ हजार कंपने. नंदाजी आणि भेराजी यांच्या माळवी गप्पा ज्यांनी शेताच्या बांधावर बसून ऐकल्या, त्यांनी आकडा लक्षात ठेवला नसेल, पण सुई कुठे थांबवायची हे त्यांच्या बोटांना ठाऊक होते. मध्यम लहरींवर दोन शेजारी स्थानांमध्ये ९ किलोहर्ट्झचे अंतर असावे, असा आशिया, आफ्रिका आणि युरोपातील देशांचा ठराव १९७५ साली जिनिव्हा येथे झाला आणि १९७८ च्या नोव्हेंबरात तो अमलात आला. ६४८ या संख्येला नऊने निःशेष भाग जातो, तो योगायोग नव्हे.

त्याच रेडिओने आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवली होती. दिवसा स्वच्छ ऐकू येणारे केंद्र रात्री खरखरू लागे आणि त्याच्या मागून कुठल्याशा परमुलुखातील गाणे डोकावे. दिवसा वातावरणाचा एक वरचा थर मध्यम लहरी गिळून टाकतो. सूर्यास्तानंतर तो थर विरतो आणि लहरी आणखी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो कोस दूर जाऊन पडतात. म्हणजे दिवसा जी दोन केंद्रे एकाच स्थानावर सुखाने नांदतात, तीच रात्री एकमेकांच्या अंगावर येतात. यातून दोन गोष्टी निघतात. लहर वापरल्याने संपत नाही. प्रक्षेपण थांबले की पट्टा पूर्वीइतकाच कोरा असतो. आणि दुसरी, जी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही ती अशी की, दोन लहरी हवेत एकमेकींवर आदळून मोडत नाहीत. गोंधळ होतो तो ऐकणाऱ्याच्या संचात. म्हणून ‘आकाशात गर्दी झाली’ असे जेव्हा म्हणतात, तेव्हा कुठे, केव्हा आणि कोणाच्या कानाशी, असे तीन प्रश्न विचारल्यावाचून ते विधान मान्य करू नये.

हे प्रश्न आपल्या कायद्याने फार उशिरा विचारले. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तारायंत्र कायदा हे दोन्ही परवान्याच्या पायावर उभे होते. नुसता ऐकण्याचा संच बाळगायलाही परवाना लागे. टपाल कार्यालयात जाऊन त्याचे शुल्क भरल्याचे आणि पुस्तिकेवर शिक्के मारून घेतल्याचे इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. १९५२ साली केंद्र सरकारने बिनतारी नियोजन व समन्वयासाठी स्वतंत्र शाखा स्थापन केली. संरक्षण दले, रेल्वे, पोलिस, विमानतळ, आकाशवाणी असे मोजके वापरणारे होते आणि सगळे सरकारी. घरातल्या घरात वाटणी करावी तशी ती झाली व निभावलीही.

या लहरी मुळात कोणाच्या, याचा निर्णय १९९५ च्या ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने दिला. निमित्त क्रिकेटचे होते. १९९३ च्या हिरो कप स्पर्धेचे प्रक्षेपण कोणी करावे यावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि केंद्र सरकार यांच्यात वाद झाला होता. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालपत्राचे सार असे की, लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिचा वापर लोकहितासाठी सार्वजनिक यंत्रणेच्या नियंत्रणाखाली व्हावा, आणि सरकारची मक्तेदारी म्हणजे लोकहित नव्हे. एका मराठी न्यायमूर्तीच्या लेखणीतून उतरलेला हा निकाल मराठी वाचकांत जितका परिचित असावा तितका तो नाही, अशी माझी तक्रार आहे. पुढे २०१२ च्या २ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने मोबाइल सेवेचे १२२ परवाने रद्द केले आणि तेव्हापासून लिलाव हा शब्द स्पेक्ट्रमला चिकटला. त्याच वर्षी सप्टेंबरात, राष्ट्रपतींनी मागितलेल्या अभिप्रायात, लिलाव हा नैसर्गिक संपत्तीच्या वाटपाचा एकमेव मार्ग नव्हे असेही न्यायालयाने सांगितले. त्याची बातमी मात्र आतल्या पानावर राहिली.

लिलावाने सरकारी तिजोरीत भर पडली, यात शंका नाही. २०२२ च्या लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांच्या बोली लागल्या. प्रश्न आहे तो विकले काय जाते याचा. येथे आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासातील एक उदाहरण घेतो.

पवार घराण्यातील तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोघा बंधूंना देवास मिळाले ते १७२८ साली. त्यांतून थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. दोन्ही संस्थानांची राजधानी एकच. कालांतराने वाटणी इतकी बारीक झाली की देवासच्या मुख्य रस्त्याची एक बाजू एका राज्यात आणि दुसरी बाजू दुसऱ्या राज्यात आली. पाणीपुरवठ्याची आणि दिवाबत्तीची व्यवस्थाही दोन्ही बाजूंना निरनिराळी. थोरल्या पातीच्या दरबारी १९२१ साली खासगी चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी पुढे १९५३ मध्ये देवासवर पुस्तक लिहिले, तेव्हा जगाला या दुहेरी राज्याची मौज वाटली. रयतेच्या दृष्टीने ती मौज थोडीच होती! हद्द आखली की तंटा मिटतो, पण एका बाजूचा हौद भरून वाहत असला तरी दुसऱ्या बाजूच्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

आपल्या देशातील स्पेक्ट्रमची व्यवस्था ही देवासच्या रस्त्यासारखी वाटणी आहे. देशाचे २२ परवाना-परिमंडळांत भाग पाडले आहेत. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही दोन राज्ये २००० साली वेगळी झाली तरी दूरसंचाराच्या हिशेबी त्यांचे परिमंडळ एकच आहे. म्हणजे जो पट्टा लिलावात घेतला जातो तो इंदूरच्या राजवाड्यापासून बस्तरच्या अरण्यापर्यंत एकगठ्ठा घेतला जातो. इंदूर-भोपाळात गिऱ्हाईक दाट असल्याने तो पट्टा तिथे काठोकाठ वापरला जातो. सतवासच्या बाजारातही त्याचा उपयोग होतो. पण येथून खिवनीच्या जंगलाच्या बाजूला वळा, किंवा नर्मदेकडे उतरणाऱ्या वस्त्यांवर जा. मनोरा उभारण्याचा खर्च भरून येत नाही म्हणून मनोरा नाही. मनोरा नाही म्हणून लहर नाही. आणि लहर कोरी असूनही दुसऱ्या कोणी ती वापरायची नाही, कारण कागदोपत्री ती विकली गेली आहे. शेत पडीक, खसऱ्यावर नाव मात्र पक्के. हेच ते न परतलेले पुस्तक.

हा केवळ तर्क नव्हे, हे महाराष्ट्रात मोजून पाहिले गेले आहे. दूरदर्शनच्या जमिनीवरील प्रक्षेपणासाठी ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवलेला होता. त्यात ८ मेगाहर्ट्झची एक अशा १५ वाहिन्या मावतात. दूरदर्शन हे एकटेच प्रक्षेपण करणारे असल्याने कोणत्याही एका गावात त्यांपैकी एखाददुसरीच वापरात असे. मुंबईच्या आय. आय. टी.मधील प्राध्यापक अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरच्या प्रक्षेपकांचा हिशेब मांडून २०१४ साली दाखवून दिले की, १२० पैकी सरासरी १०० मेगाहर्ट्झहून अधिक पट्टा रिकामाच आहे. नुसता निबंध लिहून ते थांबले नाहीत. पालघर भागातील खामलोली व आसपासच्या गावांत प्रायोगिक परवाना घेऊन त्यांनी याच रिकाम्या वाहिन्यांवरून इंटरनेट नेले. या पट्ट्याची निवड का केली, हेही सांगायला हवे. ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ६० सेंटिमीटर. घरातील वाय-फायच्या लहरीची लांबी ६ ते १२ सेंटिमीटर. लांब लहर झाडीतून वाट काढते, टेकडीच्या कडेवरून थोडी वळते आणि कमी शक्तीत दूरवर पोहोचते. पालघरच्या डोंगराळ, झाडीच्या मुलुखाला जे लागू तेच विंध्याच्या उताराखालच्या आपल्या गावांना लागू. ग्रामपंचायतीपर्यंत जमिनीखालून ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, परंतु पंचायतीपासून पाड्यांपर्यंतचे शेवटचे दोन-चार कोस बिनतारीनेच जोडणे परवडते.

पुढे काय झाले? दूरदर्शनच्या रिकाम्या वाहिन्यांचा प्रयोग प्रायोगिक परवान्यांपुरताच राहिला. त्याच गटाने पुढे ५.८ गिगाहर्ट्झच्या परवानामुक्त पट्ट्यावर पालघरमधील २५ गावांपर्यंत जाळे नेले, म्हणजे जिथे परवानगी मागावी लागत नव्हती तिथे काम वाढले. दूरदर्शनने आपले बहुतेक सर्व जुने प्रक्षेपक बंद केले. अमेरिका आणि ब्रिटन या देशांनी मात्र अशा रिकाम्या वाहिन्यांचा दुय्यम वापर नियम करून खुला केला होता. रोग तोच, औषध आपल्याही हाती, आणि तरी बाटली कपाटात राहिली, असे मला खेदाने म्हणावे लागते.

आता वाटणीऐवजी दुसरे काय, असे कोणी विचारील. खानदेशातील आणि नाशिक भागातील पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत इथल्या काही मंडळींना ऐकून ठाऊक असेल. तीन शतकांहून जुनी अशी ही बंधाऱ्याच्या पाण्याची व्यवस्था. बंधाऱ्याखालील जमिनीचे फड पाडलेले असतात आणि साधारणपणे एका फडात एकच पीक घेतात. कोणी शेतकरी स्वतःच्या हाताने पाटाचे दार उघडत नाही. गावाने नेमलेला पाटकरी पाणी फिरवतो. पाणी कमी पडले त्या वर्षी भिजवायचे फडच कमी करतात, त्यामुळे तूट वाटून घेतली जाते. येथे पाण्याचा थेंब कोणाच्या नावे लिहिलेला नाही. लिहिलेली आहे ती पाळी आणि ती पाहणारा माणूस.

लहरींना पाटकरी नेमता येतो का? येतो. अमेरिकेने २०१५ साली ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यासाठी तसे नियम केले. तेथे पहिला मान नौदलाच्या रडारांचा. त्यांच्या खालोखाल पैसे भरून अग्रक्रम घेतलेल्यांचा, आणि उरलेल्या जागेत इतर सर्व. किनाऱ्यावर बसवलेल्या संवेदकांना रडारची चाहूल लागली की संगणकावरील नोंदणी-व्यवस्था बाकीच्यांना त्या ठिकाणी, तेवढ्या वेळापुरते दुसऱ्या वाहिनीवर हलवते किंवा थांबवते. नौदलाची वहिवाट शाबूत राहते आणि रडार नसेल तेव्हा पट्टा पडीक राहत नाही. वाय-फायमध्ये तर पाटकरीही नाही. आपल्या सरकारने २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याच्या जाचातून मोकळा केला. तेथे शक्तीला मर्यादा आहे आणि प्रत्येक संच बोलण्याआधी ऐकतो. दुसरे कोणी बोलत असेल तर क्षणभर थांबतो. आपल्या सभांतून हा शिष्टाचार यंत्रांइतका पाळला जात नाही, हे जाता जाता नमूद करतो. लिलावाशिवाय मोकळ्या सोडलेल्या या चिंचोळ्या पट्टीवर आज दुकाने, शाळा, दवाखाने चालतात, हे पाहिले म्हणजे बोली लागली नाही ती वस्तू कवडीमोल, हा हिशेब किती अपुरा आहे ते कळते.

सहवापराचा एवढा कैवार घेतल्यावर त्याची दुसरी बाजू सांगणे मला भाग आहे. लहरी वापरणाऱ्यांत असाही एक आहे, जो कधी बोलतच नाही.

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात मांडलेल्या आहेत. तारांच्या जाळीची हलकी तबकडी ही त्यांचीच युक्ती, आणि म्हणूनच खर्च आवाक्यात राहिला. ही जागा निवडण्याच्या कारणांपैकी एक, तेथील रेडिओ शांतता. आकाशातून येणाऱ्या या लहरी इतक्या क्षीण असतात की, चंद्रावर कोणी साधा मोबाइल चालू केला तर या दुर्बिणीच्या दृष्टीने तो आकाशातील अत्यंत तेजस्वी अशा मोजक्या स्रोतांत गणला जाईल. मग मनोरे, ठिणग्या उडवणाऱ्या विजेच्या तारा आणि उपग्रह जवळपास असताना तिची काय अवस्था होत असेल, याची कल्पना करावी.

हायड्रोजन वायूची स्वाभाविक लहर १४२० मेगाहर्ट्झची. तिच्यासाठी १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात जगात कोणीही प्रक्षेपण करू नये, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. पण विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या दीर्घिकांकडून येणारी हीच लहर ताणली जाते आणि तिची कंप्रता उतरते. २०२३ च्या जानेवारीत जाहीर झालेल्या एका शोधात खोडदच्या दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संदेश टिपला. तो येथे पोहोचला तेव्हा त्याची कंप्रता ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास होती. आणि ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेसाठी आपल्या देशात २०२२ च्या लिलावात प्रथमच मांडण्यात आला होता. त्या वर्षी त्याला बोली आली नाही, एवढेच. राखीव पट्टी १४०० च्या पुढे, आणि ऐकायचे आहे ते ६२० वर! निसर्ग आपल्या वाटणीपत्रकाप्रमाणे बोलत नाही.

याची किंमत शेजारच्या माणसांनाही मोजावी लागते, हे लपवण्यात अर्थ नाही. पुणे ते नाशिक नव्या रेल्वेमार्गाची आखणी नारायणगावकडून होती. दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल या कारणाने २०२५ पर्यंत ती आखणी मागे पडली आणि अहिल्यानगर, शिर्डीकडून जाणाऱ्या मार्गाचा विचार पुढे आला. जुन्नर, आंबेगाव, संगमनेर भागातील लोकांची नाराजी साहजिक आहे. पिढ्यान् पिढ्या रेल्वेची वाट पाहणाऱ्या कांदा-टोमॅटो पिकवणाऱ्या शेतकऱ्याला आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या लहरीचे अगत्य काय म्हणून वाटावे? माझे मत असे की दुर्बीण राखली पाहिजे, कारण तशी दुसरी बांधायला शांत जागा आता मिळणार नाही. पण शांततेचा भार एकाच तालुक्याने वाहायचा असेल, तर त्याची भरपाईही सार्वजनिक तिजोरीतून झाली पाहिजे. लहरींच्या लिलावाचा पैसा त्याच तिजोरीत जातो.

२०२३ च्या डिसेंबरात संमत झालेल्या दूरसंचार कायद्याने १८८५ आणि १९३३ च्या कायद्यांची जागा घेण्याची तरतूद केली. त्याच्या सातव्या कलमात दोन गोष्टी आहेत. एकाला दिलेला पट्टा, त्याच्या कामात हानिकारक व्यत्यय न आणता, दुसऱ्याला दुय्यम वापरासाठी देण्याचा अधिकार सरकारला मिळाला आहे. आणि पुरेशा कारणाशिवाय पट्टा पडून राहिला तर तो काढून घेण्याचाही. पाटकरी नेमण्यापुरती जागा कायद्यात झाली, असे म्हणता येईल. आता सारे नियमांच्या तपशिलावर अवलंबून आहे. ‘पडून राहिला’ हे कोणत्या मापाने मोजायचे? परिमंडळ हे माप धरले, तर इंदुरात वापर आहे म्हणून सतवासच्या वस्त्यांतील पडीकपणा कधीच दिसणार नाही. तालुका किंवा पंचायत हे माप धरले, तर तो पहिल्याच वर्षी कागदावर येईल. दुय्यम वापराची मुभा पंचायतीला, सहकारी संस्थेला, एखाद्या शाळेला परवडेल इतक्या शुल्कात मिळणार की तिचाही लिलाव होणार? आणि पाटकऱ्याच्या वहीत नुसत्या ऐकणाऱ्याचे नाव पहिल्या ओळीत लिहिणार की समासात?

अशा प्रश्नांवर दूरसंचार नियामक प्राधिकरण वेळोवेळी विचारार्थ मसुदे प्रसिद्ध करते आणि कोणाही नागरिकाला त्यांवर लेखी मत पाठवता येते. उत्तरे येतात ती मुख्यतः कंपन्यांची आणि त्यांच्या संघटनांची, कारण मसुदे वाचणारे तेच. ग्रंथालयाच्या वाचनकक्षात वर्तमानपत्रांशेजारी हे मसुदे छापून ठेवले, आणि कन्नोद-खातेगावपासून नर्मदाकाठापर्यंत कोणत्या गावात कोणत्या सेवेची लहर पोहोचते व कुठे पोहोचत नाही याची एक साधी नोंदवही सभासदांनी वर्षभर भरली, तर सतवासकडून जाणारे उत्तर आकड्यांनिशी जाईल. विश्वस्त मंडळाने मान्यता दिल्यास वहीचे रकाने आखून देण्याचे काम मी आनंदाने करीन.